गुण आला, पण कशाने?

कावीळ झालेल्या माणसाच्या डोक्यावर किंवा गळ्यात औषधी काड्यांची बारीक माळ घालण्याची पद्धत महाराष्ट्रात अजून बऱ्याच ठिकाणी आहे. पहिल्या दिवशी ही माळ डोक्यावर जेमतेम बसते. दिवस जातात तशी ती लांबते, गळ्यात उतरते, छातीवर येते, आणि माळ उतरली की कावीळही उतरली असे मानतात. माळ खरोखरच लांबते. दोऱ्याच्या गाठींत अडकवलेल्या ओल्या काड्या वाळून आक्रसतात, गाठी सैल पडतात आणि दोरा मोकळा होत जातो. कावीळही खरोखरच उतरते. दूषित पाण्यातून होणारी हेपॅटायटिस ए या विषाणूची कावीळ बहुतेक रुग्णांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. यकृत स्वतःला सावरते. म्हणजे माळेचा एक क्रम, आजाराचा एक क्रम, आणि दोन्ही शेजारी शेजारी चाललेले. बरा झालेला माणूस 'मला गुण आला' म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याला बरे वाटले हे पूर्ण खरे. गुण कशाने आला, हे मात्र त्याच्या अनुभवात कुठेच लिहिलेले नसते, आणि तरी तो ते वाचून दाखवल्यासारखे सांगतो. ज्याची कावीळ पित्तनलिकेतल्या खड्यामुळे किंवा गाठीमुळे झालेली असते, त्याचे मोलाचे आठवडे त्या माळेखाली निघून जातात.

साप उतरवणाऱ्या मांत्रिकाची गोष्टही अशीच. आपल्याकडे माणसाच्या जिवावर उठणारे मुख्य साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. धामण, दिवड, तस्कर अशा बिनविषारी सापांचे दंश कितीतरी अधिक, आणि विषारी साप चावला तरी तो दर वेळी विष सोडतोच असे नाही. म्हणून मांत्रिकाकडे आलेल्यांतले बहुतेक लोक काहीही न करता वाचणारच असतात. वाचलेला माणूस गावोगाव त्याचे नाव सांगत फिरतो. न वाचलेल्याच्या घरी 'उशीर झाला' किंवा 'काळच आला होता' एवढेच बोलले जाते, आणि तो स्वतः तर काही सांगायला येत नाही. अशा रीतीने यशाची वही भरत जाते आणि अपयशाची वही उघडलीच जात नाही. यात मांत्रिकाची लबाडी असलीच पाहिजे असे नाही. तो स्वतःही त्याच वहीतून शिकतो, त्यामुळे त्याचा आपल्या मंत्रावरचा विश्वास वर्षागणिक पक्का होतो. 'हाताला गुण आहे' अशी ख्याती चांगल्या, शिकलेल्या डॉक्टरांचीही होते, आणि तिच्यातही हाच धोका असतो.

माझे म्हणणे असे की अनुभव आणि पुरावा यांच्यात एकाच गोष्टीचे अंतर आहे: तुलना. उपाय केल्यावर काय झाले हे अनुभव सांगतो. तोच उपाय केला नसता तर काय झाले असते, हे तो सांगू शकत नाही, कारण एकच माणूस एकाच वेळी औषध घेऊन आणि न घेऊन जगू शकत नाही. ही न जगलेली बाजू कुठून तरी उसनी आणावी लागते, आणि ती प्रामाणिकपणे उसनी आणण्याच्या युक्तीलाच प्रयोग म्हणतात. काचेची नळी, पांढरा कोट, प्रयोगशाळा या गोष्टी त्यामानाने दुय्यम आहेत. शाळेत प्रयोग म्हणजे पुस्तकात दिलेले उत्तर वहीत आणणे अशी आपली समजूत होते. लिटमस लाल होणार हे आधीच ठाऊक असते. ज्याचा निकाल आपल्या मनाविरुद्ध जाण्याची खरी शक्यता नाही, त्याला सराव म्हणता येईल, परीक्षा म्हणता येणार नाही.

मनाविरुद्ध निकाल किती उपकारक असू शकतो याचे मला सर्वांत भिडणारे उदाहरण मद्रासचे आहे. 1950च्या दशकात क्षयावर चांगली औषधे हाती आली होती, पण क्षयाचा उपचार म्हणजे सॅनिटोरियम ही समजूत जुनी आणि घट्ट होती. कोरडी हवा, सक्तीची विश्रांती, दूध-अंडी, घरच्यांपासून दूर वर्ष-दीड वर्ष. पाचगणी, मिरज ही नावे मराठी घरांत त्या काळी क्षयाच्या भीतीबरोबरच उच्चारली जात. रुग्ण देशात लाखो होते आणि खाटा काही हजार. ज्याला खाट मिळत नसे त्याच्या वाट्याला खोकला आणि प्रतीक्षा. घरी ठेवून गोळ्या दिल्या तर काय होईल? जाणत्यांचे उत्तर ठरलेले होते: गरिबाच्या अंधाऱ्या खोलीत, अपुऱ्या अन्नावर, कष्ट करत औषध लागू पडणार नाही, शिवाय घरातली मुले आजारी पडतील. हे उत्तर मूर्खपणाचे अजिबात नव्हते. त्यामागे करुणा होती, तर्क होता, अनुभव होता. फक्त ते कोणी तपासलेले नव्हते.

1956 मध्ये मद्रासमध्ये सुरू झालेल्या केंद्राने ते तपासले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांचा हा एकत्र उपक्रम होता, आणि वॉलेस फॉक्स हे त्याचे पहिले प्रमुख. शहरातल्या गरीब वस्त्यांमधले 193 रुग्ण निवडले आणि कोणी घरी राहायचे, कोणी सॅनिटोरियममध्ये जायचे हे दैवगतीने, म्हणजे चिठ्ठी टाकावी तसे ठरवले. दोन्हीकडे औषधे तीच, आयसोनियाझिड आणि पीएएस, रोज, वर्षभर. घरच्या रुग्णांच्या गोळ्या अचानक जाऊन मोजल्या जात, लघवी तपासून औषध पोटात जाते आहे का ते पाहिले जाई. वर्षाअखेर सॅनिटोरियमवाल्यांचे वजन घरच्यांपेक्षा पुष्कळ अधिक वाढले होते. त्यांचे जेवण चांगले होते, विश्रांती चांगली होती. फोटो काढून शेजारी लावले असते तर कोणीही सॅनिटोरियमच्याच बाजूने कौल दिला असता. पण रोगाचा कस वजनकाट्यावर लागत नव्हता, थुंकीत जंतू उरले का यावर लागत होता. सॅनिटोरियममध्ये सुमारे 92 टक्के आणि घरी सुमारे 86 टक्के रुग्ण जंतुमुक्त झाले. हा फरक एवढा लहान होता की त्यासाठी लाखो लोकांना खाटेची वाट पाहत ठेवणे कोणत्याही हिशेबात बसत नव्हते. घरातल्या माणसांना लागण होण्याचे प्रमाणही घरच्या उपचारामुळे वाढले नाही. जी काही लागण व्हायची ती बहुतांशी उपचार सुरू होण्याआधीच होऊन गेलेली असे. हे निष्कर्ष 1959 पासून प्रसिद्ध होत गेले आणि पुढच्या काही दशकांत जगभरची सॅनिटोरियमे हळूहळू बंद झाली किंवा साधी रुग्णालये बनली. आज आपल्या गावच्या आरोग्य केंद्रातून क्षयाच्या गोळ्या घरी नेता येतात, त्यामागे त्या 193 माणसांचे एक वर्ष आहे.

या प्रयोगात डॉक्टरांनी आपल्या मनाने 'हा घरी, हा तिकडे' असे वाटप केले असते तर काय झाले असते ते पाहण्यासारखे आहे. दया येऊन त्यांनी जास्त खंगलेल्यांना सॅनिटोरियममध्ये पाठवले असते आणि सॅनिटोरियम उगाच बदनाम झाले असते. किंवा घर धड नाही म्हणून अगदी गरिबांना तिकडे धाडले असते आणि हिशेब आणखी गुंतला असता. चिठ्ठीला दया नसते, आवड नसते, आणि नेमका तोच तिचा गुण. ही युक्ती शेतातून आली. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या कृषी संशोधन केंद्रात 1919 पासून काम करणाऱ्या रोनाल्ड फिशर यांच्यापुढे प्रश्न होता तो कोणत्याही शेतकऱ्याला कळेल असा. एका वावरात एक कोपरा ओलीचा असतो, एक मुरमाड, बांधाकडेला सावली पडते. नवे खत तुम्ही चांगल्या कोपऱ्यात घातले, तर पीक खताने आले की जमिनीने? फिशर यांनी वावराचे तुकडे पाडून कोणत्या तुकड्याला कोणते खत हे दैवगतीवर सोडले, म्हणजे जमिनीतले माहीत असलेले आणि माहीत नसलेले सगळे फरक दोन्ही बाजूंना सारखे विखुरतात. आपल्याकडे पैसेवारी आणि पीक विम्यासाठी जे 'पीक कापणी प्रयोग' होतात, त्यांतही कोणत्या शेतातला कोणता चौकोन कापायचा हे आकड्यांच्या तक्त्यावरून ठरते, तलाठ्याच्या किंवा शेतकऱ्याच्या पसंतीने नाही. ही पद्धत देशात रुजवण्यात सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा मोठा वाटा. त्यांनी केलेली एक तपासणी मला फार आवडते. अगदी लहान चौकोन कापला तर उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त निघते, असे त्यांनी मोठ्या चौकोनांशी तुलना करून दाखवले. कारण साधे आहे: सीमारेषेवर उभी असलेली ताटे आत धरायची की बाहेर, असा प्रश्न आला की हात आपसूक आत धरतो. चौकोन जितका लहान, तितकी अशी सीमेवरची ताटे प्रमाणाने जास्त. कोणी खोटे बोलत नव्हते, आणि तरी आकडा खोटा होता. मापणारी काठी आधी मापून घ्यावी लागते, हे सुखात्म्यांनी भाताच्या आणि गव्हाच्या शेतात उभे राहून दाखवून दिले.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो जाणकारांकडून येतो. औषध कसे काम करते हे आपल्याला नीट समजले असेल, तर दर वेळी हा सगळा खटाटोप कशासाठी? शरीरशास्त्राचा भक्कम तर्क पुरेसा नाही का? 1980च्या दशकात अमेरिकेतले हृदयरोगतज्ज्ञ असाच भक्कम तर्क लढवत होते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांच्या ठोक्यांत अधूनमधून जादाचे, चुकीचे ठोके पडतात. असे ठोके ज्यांना जास्त, त्यांचा अचानक मृत्यू होण्याचा धोका जास्त. एनकायनाइड आणि फ्लेकायनाइड ही औषधे ते ठोके दाबतात, आणि दाबलेले ते आलेखावर दिसतात. तेव्हा औषधाने मृत्यू टळतील, हे उघड होते. ही औषधे सर्रास दिली जात होती. मग मोठी तुलना झाली. निष्क्रिय गोळी घेणाऱ्या 743 रुग्णांपैकी 26 दगावले, औषध घेणाऱ्या 755 पैकी 63. प्रयोग मध्येच थांबवावा लागला. ठोके सुधारत होते आणि माणसे मरत होती. एकेकट्या डॉक्टरला हे कधीच दिसले नसते, कारण त्याचे रुग्ण आधीच गंभीर आजारी होते. त्यांतला कोणी गेला तर आजाराने गेला असेच त्याला वाटले असते. तर्काची साखळी कितीही सुंदर असो, तिची एखादी न दिसणारी कडी तुटकी असू शकते, आणि ती शेवटच्या टोकाला वजन लावल्याखेरीज कळत नाही.

महाराष्ट्रातले अशा वजन लावण्याचे सर्वांत मोठे काम गडचिरोलीत झाले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली, तेव्हा तिथल्या बालमृत्यूंत जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातले मृत्यू फार होते. वैद्यकाचे उत्तर स्पष्ट होते: आजारी नवजात बाळाला रुग्णालयात न्या. पण जंगलातल्या गावाहून ओल्या बाळंतिणीने बाळ घेऊन निघावे कसे? बंग यांचा प्रस्ताव त्या काळी धाडसी वाटणारा होता. गावातल्याच थोडे शिकलेल्या बाईला प्रशिक्षण द्यायचे. तिने घरोघरी जाऊन बाळाचे वजन करायचे, त्याला ऊब द्यायची, आईला पाजायला मदत करायची, श्वास गुदमरलेल्या बाळाला श्वास द्यायचा आणि जंतुदोषाची लक्षणे दिसली तर प्रतिजैविकाचे इंजेक्शनही द्यायचे. संस्थेने हे करून टाकले असते आणि 'बाळे वाचली' असा अहवाल लिहिला असता तर कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी 39 गावांत काम केले आणि शेजारच्या 47 गावांत, जिथे सरकारी सेवा नेहमीप्रमाणे चालू होत्या, जन्म-मृत्यू तितक्याच काटेकोरपणे मोजले. पहिली दोन वर्षे तर नवी सेवा सुरू न करता निरीक्षणातच गेली. एवढे थांबणे सोपे नसते. पण त्यामुळेच कळले की निम्म्याहून जास्त नवजात बाळांना उपचाराची गरज पडते आणि डॉक्टरपर्यंत शंभरांत तीनही पोचत नाहीत. घरी उपचार सुरू झाल्यावर तिसऱ्या वर्षी, 1997-98 मध्ये, सेवा दिलेल्या गावांत नवजात मृत्युदर हजारी 25.5 होता आणि तुलनेच्या गावांत 59.6. सुरुवातीच्या पातळ्या धरून निव्वळ घट 62 टक्के. जंतुदोष झालेल्या बाळांतले मृत्यू शंभरी 16.6 वरून 2.8 वर आले. डिसेंबर 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने हा अभ्यास छापला.

आता कठोर वाचक म्हणेल, इथे चिठ्ठी टाकलेली नव्हती; गावे आधीच वाटून घेतलेली होती. हा दोष खराच आहे, आणि तो लपवण्याचे कारण नाही. एवढी जीव ओतणारी माणसे दुसरीकडे कुठून मिळणार, असाही प्रश्न होता. त्याला उत्तर वादातून मिळाले नाही, दुसऱ्या ठिकाणी पुन्हा करून पाहण्यातून मिळाले. उत्तर प्रदेशातल्या शिवगढमध्ये आणि बांगलादेशातल्या सिल्हेटमध्ये दुसऱ्या गटांनी, वस्त्यांचे वाटप दैवगतीने करून, घरपोच नवजात सेवेचे प्रयोग केले आणि 2008 मध्ये प्रसिद्ध केले. उपायांचा तपशील सारखा नव्हता. शिवगढमध्ये मृत्यू 54 टक्क्यांनी घटले, सिल्हेटमध्ये 34 टक्क्यांनी. आकडे वेगळे, दिशा एक. 2011 पासून सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरपोच नवजात सेवा देशभर नेली. बाळंतिणीच्या घरी आज आशाताई वजनकाटा आणि थर्मामीटर घेऊन ठरलेल्या दिवशी येते, तिच्या पिशवीत ही सगळी मोजदाद आहे.

सर्वांत जिव्हारी लागणारा आक्षेप नीतीचा. त्या 47 गावांतल्या बाळांचे काय? ज्यांच्या वाट्याला तुलनेची बाजू आली, त्यांचा बळी दिला असे नाही का? या प्रश्नावरून घाईने पुढे जाणारा माणूस प्रयोग करायला लायक नाही असे मी मानतो. 1897 मध्ये मुंबईत प्लेगची लस तयार करणाऱ्या वाल्देमार हाफकिन यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना. पुढच्या वर्षी बडोदे संस्थानातल्या उंढेरा गावी त्यांनी प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना लस दिली. प्लेग शिरलेल्या घरांत लस घेतलेल्या 71 जणांपैकी 3 दगावले, न घेतलेल्या 64 पैकी 26. हे 26 वाचले असते का, हा विचार आजही अस्वस्थ करतो. पण त्या दिवशी लस कितपत उपयोगी आहे, हे कोणालाच खात्रीने ठाऊक नव्हते. लोकांना भीती लसीचीच होती. माहीत असूनही उपाय रोखून धरणे हा अपराध आहे, आणि माहीत नसताना समान वाटणी करणे वेगळे. सगळी नीती या दोहोंतली रेष ओळखण्यात आहे. म्हणूनच आजच्या नियमांत रुग्णाची संमती, नीतिसमितीची मंजुरी आणि फरक स्पष्ट दिसला की थांबण्याची तरतूद असते. ब्रिटनमध्ये क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिन या औषधाची तुलना झाली ती औषध सगळ्यांना पुरेल इतके नव्हतेच म्हणून; 55 जणांना ते मिळाले आणि 52 जणांना तेव्हाचा नेहमीचा उपचार, अंथरुणावरची विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले 4 आणि दुसऱ्यातले 14 मरण पावले. आणि उलट बाजूही विसरू नये. न तपासता सर्रास दिलेले औषध हासुद्धा एक प्रयोगच असतो, फक्त त्यात संमती घेतलेली नसते आणि कोणी मोजत नसते. त्या हृदयाच्या गोळ्यांनी किती जण गेले त्याची वही कुणाकडेच नाही.

दर वेळी तुलनेचा गट लागतोच का? लागत नाही. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, फुप्फुसात पाणी भरून मरत. महाडच्या परिसरात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून या मृत्यूंचा क्रम टिपला आणि रक्तदाब उतरवणारे प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध देऊन पाहिले. मृत्यूंचे प्रमाण इतके घसरले की फरक ओळखायला चिठ्ठीची गरज नव्हती. आधीची अवस्था सगळ्यांना ठाऊक होती आणि विंचवाचे विष काविळीसारखे आपोआप ओसरेल अशी आशा नव्हती. परिणाम प्रचंड आणि आजाराचा स्वाभाविक क्रम निश्चित असेल, तर जुना अनुभवच तुलनेची बाजू पुरवतो. पण मला या कहाणीचा पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. विंचवाच्या विषावरची प्रतिलस उपलब्ध झाल्यावर बावस्करांनी आपले नाव ज्या औषधाशी जोडले गेले होते तेच कसोटीला लावले. 70 रुग्णांची दैवगतीने वाटणी केली, निम्म्यांना एकटे प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिनसोबत प्रतिलस. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात 35 पैकी 8, दुसऱ्यात 35 पैकी 32. हे 2011 मध्ये त्यांनी स्वतःच प्रसिद्ध केले. ज्या उपायाने हजारोंचे प्राण वाचवले तोही आता एकटा पुरेसा नाही, असे सांगायला फार मोठे मन लागते.

रोजचे जगणे प्रयोगशाळा नाही, असेही म्हटले जाते. लग्न, व्यवसाय, मुलांचे शिक्षण यांत दोन गट कुठून आणायचे? मान्य. जे निर्णय एकदाच घ्यायचे असतात आणि मागे फिरवता येत नाहीत, तिथे विवेक, विश्वास आणि थोडे धाडस यांनाच शरण जावे लागते. तिथे प्रयोगाचा आव आणणे क्रूरपणाचे होईल. पण आपण न तपासता सोडलेल्या बहुतेक गोष्टी अशा नसतात. सोयाबीन पेरणारा शेतकरी मृगाआधी घरच्या बियाण्यातले शंभर दाणे सरसकट उचलतो, दहा-दहाच्या ओळीत ओल्या गोणपाटावर मांडतो, गुंडाळी करून सावलीत ठेवतो आणि आठवडाभरात कोंब मोजतो. सत्तर उगवले तर बियाणे चांगले, त्याहून कमी आले तर एकरी बियाणे वाढवायचे किंवा बियाणेच बदलायचे. खर्च जवळजवळ शून्य, आणि वाचते ती दुबार पेरणी. यात एकच पथ्य आहे: दाणे निवडून घ्यायचे नाहीत. टपोरे दाणे वेचून गोणपाटावर मांडले तर चाचणी सुंदर होते आणि शेत पडीक राहते. पिढ्यांचा अनुभव खोटा असतो का, या प्रश्नाचे उत्तरही मला या गोणपाटात दिसते. ज्या परंपरेत अपयश लगेच आणि डोळ्यांपुढे दिसते, जसे बियाणे, होडी, स्वयंपाक, विहिरीचे बांधकाम, तिथे पिढ्यान् पिढ्या नकळत चाचणीच होत आलेली असते आणि तिचे शहाणपण विश्वासार्ह असते. जिथे अपयश उशिरा येते किंवा त्याला दुसरेच नाव मिळते, जसे काविळीत किंवा सर्पदंशात, तिथे हजार वर्षांचा अनुभवही एका दिवसाच्या अनुभवाइतकाच अपुरा राहतो.

उरतो तो लोकांना सर्वांत जास्त खटकणारा मुद्दा: विज्ञान सारखे शब्द फिरवते, आज हो म्हणते, उद्या नाही. बीसीजी लसीची हकिगत याला नेमकी लागू पडते. क्षयाविरुद्धची ही लस 1951 पासून देशभर मोहीम काढून टोचली जात होती. परदेशातले निष्कर्ष एकमेकांशी जुळत नव्हते. ब्रिटनमध्ये चांगले संरक्षण दिसले होते, अमेरिकेच्या दक्षिण भागात जवळजवळ काहीच नाही. तेव्हा 1968 मध्ये मद्रासजवळच्या चिंगलपट जिल्ह्यात सुमारे 2,60,000 लोकांवर तुलना सुरू झाली, काहींना लस आणि काहींना निष्क्रिय द्रव, आणि वर्षानुवर्षे त्यांची थुंकी तपासली गेली. 1979 मध्ये निष्कर्ष आला की मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून लसीने संरक्षण मिळालेले नाही. जी मोहीम देशाने अभिमानाने चालवली होती तिच्याविरुद्ध हा निकाल होता, आणि देशातल्याच संशोधकांनी तो छापला. लहान मुलांना होणाऱ्या क्षयाच्या मेंदूज्वरासारख्या भयंकर प्रकारांपासून बीसीजी वाचवते, हे वेगळ्या अभ्यासांतून दिसत राहिले. म्हणून बाळाला ती आजही जन्मताच टोचतात. एकाच लसीबद्दल ही दोन्ही विधाने खरी आहेत, कारण दोन वेगळे प्रश्न वेगवेगळे विचारले गेले. आता तो जुना प्रश्नही पुन्हा उघडला आहे. 2024 मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पूर्वी क्षय होऊन गेलेले, रुग्णाच्या सहवासातले, मधुमेही आणि साठीपुढचे अशा प्रौढांना बीसीजी देण्याचा अभ्यास सुरू झाला. काही जिल्ह्यांत लस देण्याचे ठरले आणि काही जिल्हे तुलनेसाठी ठेवले. तिथे कुणाला खोकला सुरू होतो आणि कुणाला नाही, याची नोंद दोन्हीकडे सारखीच घेतली जाणार आहे.